निरंक

मागच्या महिन्यात टीममधल्या एका मुलाच्या कोडवर मी एक कमेंट टाकली. "एरर गेला म्हणजे बग गेला, असं तुला कोणी सांगितलं?" बस, एवढंच. त्याने खाली अंगठ्याची इमोजी टाकली (आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे खरं तर वेगळंच काही, पण ते असो), दहा मिनिटांत पूर्ण पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा कोड मुख्य कोडमध्ये घ्या ही विनंती, मागे घेतली आणि संध्याकाळच्या कॉलला कॅमेरा बंद ठेवून बसला. मुलगा नांदेडचा, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालंय, हुशार आहे, सारखं मॅम मॅम करतो, नावाने हाक मार असं कितीदा सांगितलं तरी त्याच्या तोंडात बसत नाही. कमेंट बरोबर होती. आजही बरोबरच आहे. पण रात्री ओटा पुसताना, सकाळी चहाचं आधण ठेवताना ते वाक्य परत परत कानात वाजायचं, आणि दोन-तीन दिवसांनी लक्षात आलं की त्याच्यातला आवाज माझा नाहीच.

तर झालं होतं असं. आम्ही ज्याच्यावर काम करतो तो क्वेरी ऑप्टिमायझर. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारायची भाषा, ती लिहिणारा माणूस फक्त काय हवं ते सांगतो, ते कसं आणायचं, कुठलं टेबल आधी उघडायचं, गाळायचं कधी, जोडायचं कधी, हे सगळं हा ऑप्टिमायझर ठरवतो. चार पाहुणे येणार म्हटल्यावर कुकर आधी लावायचा की कणीक आधी मळायची हे आपण मनातल्या मनात ठरवतोच की, तसंच. ताटात येणारं जेवण तेच, खटाटोप कमी. आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पातल्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि मंडळींनी १९७९ मध्ये खर्चाचा अंदाज बांधून सगळ्यात स्वस्त रस्ता निवडायची पद्धत मांडली, आणि गंमत म्हणजे आजही बहुतेकांचा पाया तोच आहे. आम्ही अपाचे कॅल्साइट ही ऑप्टिमायझर बांधायची तयार चौकट वापरतो, हाइव्ह, फ्लिंक असली मोठी घरंही त्याच्याच जिवावर चालतात. त्यात रूल लिहायचे असतात. रूलने प्लॅनचा जुना तुकडा उचलायचा आणि त्याच अर्थाचा नवा, स्वस्तातला तुकडा द्यायचा. अट एकच, नव्यातून निघणारी ओळ जुन्यासारखीच हवी, कॉलम तेवढेच आणि प्रत्येकाचा टाइप, म्हणजे आत कुठल्या प्रकारचा माल, आकडा की अक्षरं, तोच. जरा इकडेतिकडे झालं की गडी अडून बसतो. "कॅनॉट ॲड एक्स्प्रेशन ऑफ डिफरंट टाइप टू सेट." आणि खाली दोन लांबलचक ओळी, जुना टाइप हा, नवा टाइप हा. नव्या व्हर्जनमध्ये फरक नेमका कुठे ते वेगळं छापून येतं, आमची जुनी. मी त्या दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या, फॉन्ट मोठा केला आणि पहिलीतल्या पोरासारखं बोट लावून वाचत गेले. व्हारचार वीस, व्हारचार वीस. इंटिजर, इंटिजर. टाइमस्टॅम्प, टाइमस्टॅम्प. डोळे असे काही थकतात की पंधराव्या कॉलमनंतर आपण वाचत नसतो, नुसतं म्हणत असतो. एकेचाळिसावा कॉलम, अगदी शेवटचा. वर बिगइंट नॉट नल. खाली नुसतं बिगइंट. बिगइंट म्हणजे मोठा पूर्णांक, आणि नॉट नल म्हणजे ही जागा कधीच रिकामी नसणार.

दोन शब्दांसाठी तीन संध्याकाळी गेल्या.

कॅल्साइट हे मुळात खनिजाचं नाव आहे. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांमध्ये झिओलाइटच्या सोबत सापडतं, वाघोलीच्या खाणींमधून निघालेले स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेलेत. लहानपणी गावाकडे विहीर खोदताना असलं काही चमकदार निघालं की आम्ही सगळ्यालाच गारगोटी म्हणायचो. त्यातला स्वच्छ, पारदर्शक कॅल्साइट असेल तर तो छापील कागदावर ठेवला की खालच्या एका ओळीच्या दोन ओळी दिसतात, हुबेहूब सारख्या, जराशा सरकलेल्या. प्रकाश आत शिरताना दोन वाटांनी फुटतो म्हणून. सॉफ्टवेअरला नाव ठेवताना कुणाच्या डोक्यात हे होतं असं काही नाही, पण त्या तिसऱ्या संध्याकाळी स्क्रीनवरच्या दोन जुळ्या ओळींकडे बघताना मला तो दगडच आठवत होता.

टाइप मिसमॅच म्हटलं की बहुतेकांना आठवतं ते वेगळं. माझंही तसंच होतं, हिंजवडीतल्या पहिल्या नोकरीत. मोबाइल नंबरचा कॉलम व्हारचार, म्हणजे अक्षरांचा, कारण पुढचं शून्य आणि प्लसचं चिन्ह टिकवायचं असतं, आणि क्वेरी लिहिणाऱ्याने नंबर अवतरणचिन्हांशिवाय नुसता आकडा म्हणून दिलेला. मायएसक्यूएल हा डेटाबेस अशा वेळी भांडत नाही. दोन्ही बाजू फ्लोटिंग पॉइंट आकड्यात बदलून घेतो आणि गुपचूप जुळवतो. उत्तर बरोबर येतं. फक्त इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी टेबलाची सूची, वाया जातो, कारण इंडेक्स लावलाय अक्षरांच्या क्रमाने, आणि आकडा म्हणून बघायला गेलं तर पुढे एक शून्य लावलेला, दोन शून्यं लावलेला, आधी स्पेस पडलेला, सगळे एकच, मग इंडेक्समध्ये नेमकं कुठल्या पानावर बघणार, म्हणून बिचारा सगळं टेबल वाचत बसतो. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस उलट्या स्वभावाचा. २००८ मध्ये आलेल्या ८.३ पासून तो अशा ठिकाणी सरळ तोंडावर सांगतो की असा ऑपरेटरच नाही, आधी काय ते ठरवून या. तेव्हा मला मायएसक्यूएल आवडायचा, समजूतदार वाटायचा, घरातल्या त्या एका काकूसारखा जी सगळ्यांचं ऐकून घेते आणि तिच्या गुडघ्याचं कोणाला माहीतच नसतं. आता वय वाढलं तसे तोंडावर बोलणारे बरे वाटायला लागलेत. म्हणजे, दुसऱ्याशी बोलणारे.

पण नॉट नलचं प्रकरण याहून बारीक. इथे आकडा आणि अक्षरं असा झगडाच नाही, दोन्हीकडे आकडाच आहे. प्रश्न एवढाच की इथे आकडा नसण्याची शक्यता आहे की नाही. आणि हा प्रश्न मला कोणी पहिल्यांदा शिकवला ते आठवायला मला इतके दिवस लागले याचीच लाज वाटली.

बाबा तलाठी होते. सातारा जिल्ह्याचा पूर्व भाग, माण तालुका, जिथे ढग येतात, बघतात आणि पुढे जातात. मे महिन्यात शाळा नसली की मी त्यांच्याबरोबर चावडीत जाऊन बसायची. फरशी गार असायची, लाल फडक्यात बांधलेल्या दप्तरांना एक वास असायचा, धूळ, डिंक आणि जुन्या शाईचा मिळून, आणि शिक्क्याच्या पॅडवर बोट टेकवून मी स्वतःच्या हातावर ठसे उठवत बसायची. बाबा तालुक्याला पाठवायचे तक्ते भरत असायचे, पट्टी लावून, एकेक रकाना. पावसाळ्यात तर ते रोजचंच. जीवित हानी, निरंक. पशुहानी, निरंक. घरांची पडझड, निरंक. तोच शब्द, तेच वळण, र ला तीच छोटी शेपटी. मी एकदा विचारलं, काहीच झालं नाही तर लिहायचं कशाला, मोकळं सोडा की. ते पट्टी न हलवता म्हणाले, "मोकळं सोडलं तर वरच्या माणसाला काय कळणार बाळ, काही झालं नाही, का तलाठी गावात फिरलाच नाही?"

एवढं बोलून पुढचा रकाना.

आणि दुसरा एक दिवस आठवतो. कोतवालाने कुठल्याशा याद्या करून आणल्या होत्या, त्यात एका वस्तीपुढचे रकाने रिकामे होते. चावडीत दहा-बारा माणसं बसलेली. बाबांनी कागद त्याच्यापुढे धरला आणि म्हणाले, "रकाना मोकळा सोडायला तुला कोणी सांगितलं?" आवाज चढवला नव्हता. तसा त्यांचा कधीच चढायचा नाही. कोतवाल बाबांपेक्षा वयाने मोठे, मला खिशातून चिंचा काढून द्यायचे, बाबा कामात असले की मला गोष्टी सांगायचे. ते टोपी हातात घेऊन फरशीकडे बघत उभे राहिले. मीही फरशीकडेच बघितलं. बाबांचं बरोबरच होतं, त्या वस्तीवर खरंच कोणी गेलं नव्हतं हे नंतर निघालं. तरी त्या दिवशी घरी परत येताना मी त्यांचं बोट धरलं नाही. का, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही.

आता परत त्या एकेचाळिसाव्या कॉलमकडे येते. आमच्या एका ग्राहकाची क्वेरी होती. प्रत्येक शाखेने महिन्याला किती तक्रारी आल्या ते स्वतः कळवायचं, आणि तक्रारींचं मूळ टेबल वेगळं. ज्या शाखांनी कळवलेला आकडा आणि टेबलातल्या ओळींची मोजणी जुळते त्या शाखा दाखव, असं काहीसं. क्वेरी लिहिल्याप्रमाणे चालवली तर प्रत्येक शाखेसाठी एकदा तक्रारींच्या टेबलात जाऊन मोजून यायचं, शाखा हजार तर हजार खेपा. मग ऑप्टिमायझर हुशारी करतो, तक्रारी शाखानिहाय एकदाच मोजून घेतो आणि ती मोजणी शाखांना जोडतो. इथेच खड्डा आहे. ज्या शाखेची एकही तक्रार नाही ती शाखा मोजणीच्या यादीत नसतेच. यादी तक्रारींवरून बनलेली, तक्रारच नाही तर नाव येणार कुठून? साधा जॉइन केला तर ती शाखा उत्तरातून गायब, खरं तर तिने प्रामाणिकपणे शून्य कळवलेलं आणि शून्यच निघालं, म्हणजे सगळ्यात आधी तीच दिसायला हवी. या विषयातल्यांना हे काउंट बग म्हणून माहीत आहे. वॉन किम यांनी १९८२ मध्ये नेस्टेड क्वेऱ्यांचं, म्हणजे क्वेरीच्या पोटातल्या क्वेरीचं, जॉइनमध्ये रूपांतर करायच्या पद्धती मांडल्या, पेपर गाजला, आणि मग लोकांच्या लक्षात आलं की यात शून्यवाले हरवतायत. १९८७ मध्ये गान्स्की आणि वाँग यांनी आउटर जॉइन, म्हणजे जोडी न सापडलेली ओळही ठेवणारी जोडणी, लावून ते दुरुस्त करायची वाट दाखवली. म्हणजे भलेभले जिथे चुकले तिथेच आम्ही, चाळीसएक वर्षांनी, लॅपटॉपवर एसी लावून.

आमच्या रूलमध्ये आउटर जॉइन होता. तेवढं शहाणपण होतं. शाखा राहत होती, पण तिच्यापुढे मोजणीच्या जागी नल येत होता. शून्य नाही, नल. मूळ क्वेरीत मोजणी कधीच नल नसते, मोजायला काही नसेल तर काउंट शून्य देतो, बेरीज करणारा सम मात्र नल देतो, हा त्या दोघांच्या स्वभावातला फरक. म्हणून जुना टाइप बिगइंट नॉट नल आणि नवा नुसता बिगइंट. तो एरर, ज्याला मी तीन संध्याकाळी शिव्या घातल्या, एवढंच सांगत होता की बाई, आधी इथे निरंक लिहिलेलं होतं आणि तुम्ही रकाना मोकळा सोडलाय.

मुलाने काय केलं, तर त्या कॉलमवर कास्ट लावला, म्हणजे याचा टाइप हाच असं जबरदस्तीने सांगून टाकलं, बिगइंट नॉट नल. एरर बंद. टेस्ट हिरव्या. कमिट मेसेज, फिक्स्ड टाइप मिसमॅच. दिसायला व्यवस्थित, पण कास्टने टाइप बदलतो, आतला माल तोच राहतो, आणि एकदा का ऑप्टिमायझरला सांगितलं की हा कॉलम नल नसतोच, की तो बिचारा विश्वास ठेवतो. कोणी पुढे इझ नल विचारलं तर तो न बघताच फॉल्स करून टाकतो. वापरणाऱ्याने स्वतः काळजीने कोअलेस लावून नलच्या जागी शून्य ठेवायला सांगितलं असेल तर ते काढूनच टाकतो, गरज काय म्हणून. म्हणजे एक थाप मारली की ती पुढच्या दहा रूलमध्ये पसरते, आणि ज्याने सावधपणा केला त्याचाच सावधपणा रद्द होतो. शेवटी आमच्या इंजिनात जाऊन तुलना व्हायची नल आणि शून्याची, ती खरीही नाही आणि खोटीही नाही, आणि व्हेअरमध्ये, म्हणजे क्वेरीच्या अटीत, जे खरं नाही ते बाहेर. मी हाताने एक शून्य तक्रारींची शाखा घालून बघितली. गायब. चूपचाप. ओरडायला आता कोणी उरलंच नव्हतं, कारण ओरडणाऱ्याचं तोंड आपणच बांधलेलं. तेव्हा मी ती कमेंट लिहिली.

इथपर्यंत माझी बाजू भक्कम आहे. पण चौथ्या दिवशी काहीतरी शोधायला म्हणून आमच्या दोघांचं जुनं चॅट वर वर सरकवत गेले आणि तिथे मीच लिहिलेलं सापडलं, महिन्याभरापूर्वीचं. "इथे सरळ नॉट नलचा कास्ट लाव, चालतं." खाली त्याचा अंगठा. तेव्हा ते खरंच चालणारं होतं, आधीच्या फिल्टरने नल गाळून टाकलेले होते, त्यामुळे टाइप घट्ट करण्यात खोटं काही नव्हतं. पण का चालतं हे मी लिहिलं नव्हतं. घाई असेल, दुसरी मीटिंग असेल, काय असेल ते. मी रकाना मोकळा सोडला आणि त्याने तो त्याच्या परीने भरला.

त्याला कॉल केला. आधी दोन मिनिटं हवापाण्याचं बोलले, नांदेडला किती गरम होतंय वगैरे. मग तोच म्हणाला, "मॅम, टेस्ट पास होत होत्या म्हणून मला वाटलं." मी म्हटलं, शून्यवाली शाखा टेस्टमध्ये होती का? नव्हती. टेस्टचा डेटा मीच केलेला, दीड वर्षापूर्वी, त्यात प्रत्येक शाखेला किमान एक तक्रार होती, कारण डेटा भरताना आपल्याला आहे ते सुचतं, नाही ते सुचत नाही. मी म्हटलं, कास्ट लावायला मीच सांगितलं होतं तुला. तर म्हणतो, "हो मॅम, पण ते दुसरं होतं ना." म्हणजे त्याला फरक कळला होता, या चार दिवसांत त्याने एकट्याने बसून शोधला होता. मग त्याने विचारलं, कधी लावायचा आणि कधी नाही हे नुसतं बघून कसं ओळखायचं, आणि मी जरा वेळ गप्पच बसले. पंधरा वर्षं हे काम करतेय, पण एका वाक्यात सांगता येईल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दर वेळी खाली उतरून बघावं लागतं की नल खरंच संपलेत की नुसते दिसेनासे झालेत. एवढं म्हणाले. सॉरी म्हणायचं होतं, पण तोवर त्याने स्क्रीन शेअर केली, जोडणीनंतर लगेच कोअलेस, नल असेल तर शून्य, टाइप आपोआप नॉट नल झाला, कुठलीही जबरदस्ती न करता. एरर नाही. शून्यवाली शाखा ओळीच्या शेवटी शहाण्यासारखी उभी. टेस्टच्या डेटात त्याने तिला कायमची जागा दिलीय. सॉरी राहिलंच.

त्या शनिवारी गावी गेले. बाबा रिटायर झाल्यापासून अंगणात पर्जन्यमापक लावून बसलेत. रोज सकाळी साडेआठला, सरकारी वेळ, जाऊन माप बघायचं आणि वहीत मिलिमीटर लिहायचे. माणमधला पाऊस, त्यामुळे पानंच्या पानं शून्यं, सुरुवातीच्या वर्षांत तर निरंकच लिहिलेलं, मग हात दुखायला लागला तसं शून्यावर आले. कोतवालाचं विचारावं असं मनात होतं, ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण विषय काढला नाही. नुसती वही चाळत ओट्यावर बसले. गेल्या सप्टेंबरमध्ये बाबा साताऱ्याला हॉस्पिटलमध्ये होते, नऊ दिवस, आणि वहीत ते नऊ रकाने रिकामे आहेत. भावाने मध्यंतरी हे सगळं एक्सेलमध्ये भरायला घेतलं होतं, तेव्हा यावरून दोघांची जुंपली होती म्हणे. भावाचं म्हणणं तिथे शून्य टाकू, नाहीतर सर्कलच्या पर्जन्यमापकावरचे आकडे आणून भरू. बाबा म्हणाले, "शून्य कसं? पाऊस होता. आणि त्यांचं माप ते त्यांचं, माझं नाही." एक्सेल सरासरी काढताना रिकामे सेल सोडून देतं आणि शून्य धरतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. तरी त्यांनी ते रकाने तसेच ठेवायला लावले.

रिकामे म्हणजे अगदीच रिकामे नाहीत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. त्या दिवसांत आई गुरांमुळे घरीच होती, सकाळी साताऱ्याला जायची आणि दिवस मावळता एसटीने परत यायची. मापाला तिने हात लावला नव्हता, ते बाबांचं खातं. पण तिसऱ्या रकान्याच्या कडेला, समासात, तिच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, "पाऊस झाला. मोजला नाही." आणि त्याच्या खालच्या दिवशी, "आज पण." बाबा दुसऱ्या कोणाचं अक्षर त्यांच्या वहीत ठेवत नाहीत, माझं लहानपणीचं चित्रसुद्धा त्यांनी ब्लेडने खरवडून काढलं होतं. हे खोडलेलं नव्हतं. जवळ धरून बघितलं तर पेन्सिलीवरून निळ्या शाईने गिरवलेलं होतं, प्रत्येक अक्षर, अगदी हळू.

मी वही मिटून जागेवर ठेवली. आतून बाबांनी विचारलं, वाजले किती. आठ वीस झाले होते.